कापूस वेचणाऱ्या बाया कोणत्या विषयात बसतात?

प्रश्न: माझा पीएच.डी.चा विषय विदर्भातल्या कापूस वेचणाऱ्या बायांची मजुरी. अर्जात विषयाचा रकाना एकच. अर्थशास्त्र लिहू, समाजशास्त्र की कृषी? ग्रंथालयातही पुस्तकं तीन टोकांना सापडतात.
— एक संशोधक, नागपूर

उत्तर: ताई, नागपुरात ग्रंथपाल म्हणून नोकरी केली, तेव्हा हा प्रश्न माझ्याही टेबलावर रोजचाच होता. एक पुस्तक दोन कपाटांत ठेवता येत नाही, कुठेतरी एकीकडे ठेवावंच लागतं. अमेरिकन ग्रंथपाल मेल्विल ड्युई यांनी १८७६ मध्ये दशांश वर्गीकरण, म्हणजे पुस्तकांना विषयवार आकडे देऊन कपाटात लावायची पद्धत काढली, ती ज्ञानशाखा धरून. त्यामुळे एकच कापूस विखुरला: पीक म्हणून ६३३.५१, सुती कापड म्हणून ६७७.२१ आणि बायांची मजुरी गेली ३३१.४ ला. ६३३.५१ च्या कपाटात वाण मिळतील, बोंडअळी मिळेल. दिवसभर वाकून ओटी भरणारी आणि संध्याकाळी काट्यावर किलोमागे पैसे घेणारी बाई तिथे सहसा भेटत नाही. याची मला फार खंत वाटते, म्हणून तुमचा विषय मला मोलाचा वाटतो.

भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ शि. रा. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये पुस्तकांच्या वर्गीकरणाची कोलन पद्धत मांडली. विषयाचे पैलू आधी सुटे करायचे आणि मग जोडायचे. तुम्हीही कागदावर तसं करून बघा: कोण, कोणतं काम, त्यातलं काय तपासायचं, कुठे, कोणत्या काळात. ‘काय तपासायचं’ यावरच रकाना ठरेल. वेचणीचा दर कसा ठरतो, हंगामात का बदलतो हे शोधत असाल तर अर्थशास्त्र. कोणत्या घरच्या, कोणत्या जातीच्या बाया वेचायला जातात आणि का, हा प्रश्न असेल तर समाजशास्त्र. वाण किंवा यंत्र बदलल्याने वेचणी कशी बदलते, हे पाहायचं असेल तरच कृषी. तुम्ही ‘मजुरी’ लिहिलंय, तेव्हा माझं मत अर्थशास्त्राला. पुढे लेख छापायची वेळ आली की अर्थशास्त्राच्या नियतकालिकांत लेखाचा विषय दाखवायला वापरले जाणारे जेईएल (जर्नल ऑफ इकॉनॉमिक लिटरेचर) संकेत बघा. त्यात जे४३ म्हणजे शेतमजुरीचा बाजार, जे१६ म्हणजे स्त्री-पुरुष भेदाचं अर्थशास्त्र. तिथे एका लेखाला दोन्ही लावता येतात.

अर्थशास्त्र लिहिलं तरी ६३३.५१ सोडू नका. केंद्रीय कापूस संशोधन संस्था आपल्या नागपुरातच आहे. तिथल्या ग्रंथपालांना भेटा आणि नुसतं ‘कापूस’ न म्हणता ‘वेचणी’वरचं काय आहे ते विचारा.