घोडीला म्हशीची वैरण नको

प्रश्न (पलूस तालुका, जि. सांगली): आमची घोडी 6 वर्षांची आहे, वजन अंदाजे 300 किलो. संध्याकाळी पळवून आणली की 3 किलो भिजवलेला हरभरा एकदमच टाकतो, बाकी म्हशींबरोबर उसाचं वाडं (शेंड्याचा पाला) आणि गव्हाचा भुसा (कोंडा). महिन्यातनं दोनदा तरी पोट दुखून लोळते. मागच्या खेपेला बांबूच्या नळीनं गोडं तेल पाजलं. आता कधी पुढच्या तर कधी मागच्या पायानं लंगडते, नालबंद म्हणतो खुरात काही नाही. काय करावं?

उत्तर: दादा, पहिलं म्हणजे ते नळीनं तेल पाजणं कायमचं बंद करा. घोड्याला उलटी होत नाही आणि मान वर करून ओतलेलं तेल फुप्फुसात गेलं की न्यूमोनिया होऊन जनावर हातचं जातं, डॉक्टर नाकातनं पोटापर्यंत ट्यूब घालून देतात ते वेगळं.

आता खाण्याचं. म्हैस भराभर खाते आणि मग निवांत रवंथ करते, घोडीला ती सोय नाही. तिचं जठर 8 ते 15 लिटरचं, शरीराच्या मानानं बारकं, म्हणून तिला दिवसभर थोडं थोडं चघळायला लागतं. तुम्ही दमून आलेल्या घोडीपुढं 3 किलो हरभरा ओतता, तो नीट पचायच्या आत मागच्या मोठ्या आतड्यात जातो, तिथं आंबतो, गॅस धरतो आणि घोडी लोळायला लागते. चंदी (दाण्याचा खुराक) एका वेळी 1 किलोच्या वर नको, दिवसातनं दोन-तीनदा विभागून द्या, पळवून आणल्यावर आधी अंग थंड होऊ द्या, पाणी दाखवा, कडबा टाका, तासाभरानं तोबरा बांधा.

लंगडण्याचं मला जास्त काळजीचं वाटतं. उसाच्या वाड्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं (म्हशींना आपण चुन्याची निवळी देतो ती यासाठीच), आणि भुशात फॉस्फरस कॅल्शियमच्या 8-10 पट. दोन्ही रोज पोटात गेलं की अंगाला लागणारं कॅल्शियम हाडांतनं निघतं, मग आज हा पाय उद्या तो असं लंगडणं सुरू होतं आणि पुढं तोंडाची हाडं सुजतात. हात फिरवून बघा, डोळ्याखाली गालफडाच्या वर दोन्ही बाजूंना सूज लागते का. लागो न लागो, डॉक्टरांना दाखवाच, औषध आणि कॅल्शियमचा डोस तेच ठरवतील.

वाडं बंद, भुसा बंद, पण एका दिवसात नाही, 8-10 दिवसांत हळूहळू. रोज 5-6 किलो वाळली वैरण, शाळूचा बारीक कापलेला कडबा किंवा वाळलं गवत, बुरशीचा वास आला तर ती पेंढीच बाजूला टाका. त्यातलंच 1-2 किलो लसूणघासाचं वाळलेलं ठेवा, त्यात कॅल्शियम भरपूर. 25-30 ग्रॅम मीठ, आणि पाणी दिवसभर समोर. म्हशीची गोळी पेंड किंवा कोंबडी खाद्य मात्र चुकूनसुद्धा नको, काहींत मोनेन्सिन नावाचं औषध असतं, ते घोड्याच्या हृदयाला थोडक्यातही जीवघेणं आहे.

परत पोटाकडं वळून बघायला लागली, पायानं जमीन उकरली, लीद थांबली, की खाणं काढून घ्या, जबड्याखाली बोट ठेवून नाडी मोजा. निवांत असताना मिनिटाला 28 ते 44 असते, 60 च्या वर गेली तर रात्रीचे दोन वाजले असले तरी डॉक्टरांना फोन करा.

प्रश्न (पाचगणी, जि. सातारा): तट्टू गुबगुबीत आहे, लोक रोज गूळ भरवतात, दोन दिवस झाले पुढचे पाय लांब टाकून उभा राहतो, चालायला नको म्हणतो.

उत्तर: भाऊ, हे खुराच्या आतली सूज असल्याचं लक्षण आहे, गूळ, दाणा आणि लठ्ठपणा तिन्ही याला कारणीभूत ठरतात. त्याला आज फेरीला काढू नका, चालवून मोकळं करायला गेलात तर आतलं हाड सरकू शकतं. खाली मऊ भुसकट जाड अंथरा, खूर बर्फाच्या पाण्यात ठेवा, गूळ आणि दाणा पूर्ण बंद, नुसतं वाळलं गवत द्या, आणि डॉक्टरांना आजच्या आज बोलवा, दोन दिवस आधीच गेलेत.