शिस्त होती, घोडं अडत होतं दुसरीकडेच

"मॅडम, माझ्यात शिस्तच नाही. टाइमटेबल करते, चार दिवस पाळते, पाचव्या दिवशी सगळं ढेपाळतं. मनाला शिस्त कशी लावायची ते सांगा."

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींकडून हा प्रश्न थोड्याफार फरकानं नेहमी येतो. त्याचं उत्तर एका मुलीच्या अनुभवातून देते. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी मराठवाड्यातली, घर शेतीवर चालणारं. पुण्यात पेठेत कॉट बेसिसवर राहायची, दोन वेळची मेस, दिवसभर अभ्यासिका. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा एकदा निघाली होती, मुख्य परीक्षेत गाडी अडली. पहिल्याच भेटीला तिनं सोबत एक फाइल आणली. त्यात जुनी टाइमटेबलं होती, रंगीत पेनांनी आखलेली, पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत. जवळपास प्रत्येकाची सुरुवात सोमवारी नाहीतर महिन्याच्या एक तारखेला. सहा-सात ओळींवर बरोबरच्या खुणा, त्यानंतर कोरं.

मी तिला नवं टाइमटेबल करू दिलं नाही. एक खिशात मावेल अशी डायरी घे म्हटलं, आणि आठवडाभर दर अर्ध्या तासाला खरंच काय केलंस तेवढंच लिही. चांगलं-वाईट ठरवायचं नाही, सुधारायचंही नाही.

पुढच्या भेटीत ती डायरी आम्ही दोघींनी वाचली. सकाळी साडेसातला ती अभ्यासिकेत पोचत होती, रात्री साडेनऊला निघत होती. मोबाइल लॉकरमध्ये. दुपारी मेसहून परत येऊन त्याच खुर्चीवर. इतकं नेमानं बसणाऱ्या मुलीला बेशिस्त कसं म्हणायचं? पण रोज चार ते सहा या वेळेत काहीतरी भलतंच व्हायचं. एक दिवस नोट्स पुन्हा सुवाच्य अक्षरात उतरवल्या. एक दिवस चालू घडामोडींचे व्हिडिओ. एक दिवस चहाला गेली ती पाऊण तासानं आली. फाइलमध्ये पाहिलं तर त्या वेळेपुढे लिहिलेलं होतं : उत्तरलेखन. तेवढी एक वेळ हुकली की पुढची संध्याकाळ स्वतःला बोल लावण्यात जायची, आणि रात्री निष्कर्ष निघायचा की आपल्यात शिस्त नाही.

ज्यांच्या घरात कुणी ही परीक्षा देत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आधी मुख्यतः पर्यायांतून उत्तर निवडण्याची होती. ती वर्णनात्मक करण्याचं महाराष्ट्र लोकसेवा आयोगानं २०२२ मध्ये जाहीर केलं. २०२३ मध्ये पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि अंमलबजावणी २०२५ पर्यंत पुढे गेली. आता नऊ पेपर आणि गुणवत्तेसाठी १७५० गुण. अनेक वर्षं पर्याय ओळखण्याची सवय झालेल्या मुलांना एकदम पानंच्या पानं लिहायची आहेत. या मुलांना आळशी म्हणणाऱ्यांनी हा बदल जरा समजून घ्यावा.

खरी गोष्ट तिनं निघताना सांगितली, पर्स खांद्याला लावता लावता. टेस्ट सिरीजच्या पहिल्या पेपरात एका उत्तराला दहापैकी अडीच गुण मिळाले होते, शेजारी लाल शाईत शेरा : "मुद्दे विस्कळीत." त्यानंतर तिनं एकही पेपर जमा केला नव्हता. फी भरलेली होती, आणि ती फी वडिलांनी कशी उभी केली हे तिला माहीत होतं.

फुशिया सिरवा आणि टिमथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये चालढकलीबद्दल जे मांडलं ते इथे चपखल बसतं. माणूस काम टाळतो तेव्हा बऱ्याचदा त्या कामासोबत येणारी भावना टाळत असतो. काम पुढे ढकललं की लगेच बरं वाटतं, आणि ते बरं वाटणंच पुढच्या वेळी टाळायला लावतं. तिच्यासाठी कोरा कागद म्हणजे तो लाल शेरा होता. मग पहाटे पाचचा गजर लावून काय उपयोग?

त्या दिवशी मी तिला पुन्हा बसवलं आणि माझ्यासमोरच एक उत्तर लिहायला सांगितलं. विषय तिला पाठ असलेला, ७३ वी घटनादुरुस्ती आणि पंचायत राज, दीडशे शब्द. पेन हातात, पण पहिलं वाक्य लिहायची आणि खोडायची, पुन्हा लिहायची, पुन्हा खोडायची. प्रस्तावनेतच अडकली होती. म्हटलं, प्रस्तावना सोड, मधून सुरू कर, तुला जे माहीत आहे तिथून. तिनं लिहिलं : अकरावी अनुसूची, २९ विषय. मग महाराष्ट्रात महिलांना ५० टक्के आरक्षण. मग आईच्या गावची सरपंचबाई, निधी येतो पण सही नवरा करतो, हा मुद्दा. पेन चालायला लागलं. प्रस्तावना शेवटी लिहिली, दोन ओळींत.

त्यानंतर आम्ही ठरवलं ते फार थोडं होतं. उत्तरलेखन संध्याकाळवरून सकाळी आणलं, डोकं ताजं असताना. प्रश्न आदल्या रात्रीच निवडून वहीच्या पानावर वर लिहून ठेवायचा, म्हणजे सकाळी काय लिहू हा घोळ नको. मोबाइल लॉकरमध्ये ठेवून खुर्चीवर बसले की दुसरं काहीही उघडायच्या आधी ती वही उघडायची. एकच उत्तर. पुस्तक उघडं ठेवलं तरी चालेल. पहिले काही दिवस कुणालाही दाखवायचं नाही. "अमुक झालं की तमुक करेन" असं आधीच नेमकं ठरवून ठेवल्यानं काम पार पडण्याची शक्यता वाढते, हे पीटर गोलविट्झर यांच्या संशोधनातून दिसलं आहे. माझ्या कामातही मला ते वारंवार दिसतं.

वेळेचा अंदाजही सुधारावा लागला. तिच्या टाइमटेबलात एका तासात चार उत्तरं होती, प्रत्यक्षात एकाला चाळीस मिनिटं लागत होती. यात तिचं काही विशेष चुकत नव्हतं. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रसिद्ध अभ्यासात विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध सरासरी ३४ दिवसांत होईल असं सांगितलं होतं, लागले ५५. म्हणून टाइमटेबल मनातल्या वेगावर आखू नका, डायरीतल्या वेगावर आखा.

आणि एक नियम, जो मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. एखादा दिवस हुकला तर तो भरून काढायचा नाही. कालचं उत्तर आजच्या खात्यात जमा करायचं नाही, आणि सोमवारची वाट पाहायची नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकच उत्तर. २०१० च्या एका अभ्यासात पहिल्या परीक्षेआधी टाळाटाळ केलेल्या ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेआधी कमी टाळाटाळ केली. ही मुलगी स्वतःला जितकं फटकारायची तितकी वहीपासून लांब जायची. एकवीस दिवसांत सवय लागते हेही तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. लंडनमधल्या एका अभ्यासात साधी सवय अंगवळणी पडायला १८ पासून २५४ दिवसांपर्यंत लागतील असं दिसलं, आणि मध्ये एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही.

आईवडिलांना एक विनंती. फोनवर "किती तास अभ्यास झाला?" विचारू नका. तास मोजले की मुलं खुर्चीवर बसून राहतात आणि तेवढ्यानं समाधान मानतात. "आज काय लिहिलंस?" असं विचारा, आणि मुलं सांगतील ते ऐका.

आता ती रोज दोन उत्तरं लिहिते, टेस्ट सिरीजही पुन्हा सुरू केली आहे. दहापैकी चार-साडेचार मिळतात. निकाल काय लागेल ते मी सांगू शकत नाही, कुणीच सांगू शकत नाही, जागा किती कमी आहेत हे सगळ्यांना ठाऊक आहे. टाळाटाळ अजूनही होते, पण ती महिनाभर लांबत नाही.

प्रत्येकाचं दुखणं मात्र हेच असेल असं नाही. दोन आठवडे झोप आणि भूक बिघडलेली असेल, कशातच मन लागत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर वेळेचं नियोजन बाजूला ठेवा आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. तेवढं धाडस होत नसेल तर १४४१६ हा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक आहे. फोन मोफत आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, आणि मराठीत बोलता येतं.