आधी साईटवर गप्प बसून ये

अगं,

तुझा मेसेज रात्री वाचला, सकाळी परत वाचला. मामाच्या घराचं काम मिळालं, पहिलंच स्वतंत्र काम, त्याचा आनंद एका ओळीत आणि पुढे ही लांबलचक यादी, सोलर किती किलोवॅटचं, ग्रीन रेटिंग कुठलं, इन्सुलेशन कुठून मागवू, आणि शेवटी "माझ्या एका घराने काय होणारे". यादीचं नंतर बघू.

मी सारखं क्वेकर क्वेकर काय करते असं विचारलंस ना. मी काही त्यांच्यातली नाही, आमच्या घरात वारी आहे. पण पंचविसाव्या वर्षी लॉरी बेकर या आर्किटेक्टची कामं बघायला त्रिवेंद्रमला गेले आणि हा माणूस असा का बांधतो ते शोधत शोधत क्वेकरांपर्यंत पोचले. बेकर बर्मिंगहॅमचा, तरुणपणीच क्वेकर झालेला. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये निघालेला हा ख्रिश्चन पंथ, त्यांच्या जुन्या पद्धतीच्या प्रार्थनेत पाद्री नाही, गाणी नाहीत, सगळे एकत्र बसून तासभर गप्प राहतात. कुणाला आतून अगदीच राहवलं नाही तर उठून चार वाक्यं बोलायची, परत शांत. शेवटी शेजारच्याशी हात मिळवायचा, झालं. एकदा लंडनला भाचीकडे गेले तेव्हा बसले होते मी, पहिली वीस मिनिटं डोक्यात फक्त सिमेंटचे रेट चालू होते, खोटं कशाला बोलू.

त्यांच्यातला मला सगळ्यात आवडतो तो जॉन वुलमन. न्यू जर्सीचा शिंपी, १७२०चा जन्म. गुलामांच्या कष्टाची म्हणून साखर सोडली, आणि एका टप्प्यावर रंगवलेले कपडे घालायचं पण बंद केलं. का, तर रंग मळ लपवायला कामी येतो, मळलं असेल तर धुवा ना, झाकता कशाला. शिंपी असून हे म्हणतो! गंमत म्हणजे त्याने बिनरंगाची हॅट घातली आणि नेमकी तेव्हा पांढऱ्या हॅटची फॅशन आलेली, बिचारा ओशाळला. १७७२ला इंग्लंडमध्ये होता तेव्हा घोडागाडीत बसेना, वेळ गाठायला घोडे मरेपर्यंत पळवतात म्हणून, लंडनहून यॉर्कपर्यंत चालत गेला आणि तिथेच देवीच्या रोगाने वारला. पर्यावरण हा शब्द त्याच्या गावीही नव्हता.

आता बेकरची भिंत बघ. गिलावा नाही. वीट कशी लागलीय, दरजा कशा भरल्यात, सगळं उघडं. वुलमन आणि बेकर शेजारी ठेवले ते मी, पण मला दोघं एकच बोलतायत असं वाटतं. गिलाव्याला सिमेंट, वाळू, पाणी, वर रंग, आणि दर चार वर्षांनी परत रंग, आणि हे सगळं कशासाठी, तर पुष्कळदा खालचं वाकडं काम दिसू नये म्हणून. त्याचा रॅट-ट्रॅप बॉन्ड तू कॉलेजात काढलायस, विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या, मध्ये तीन इंच पोकळी. भिंत नऊ इंचीच राहते, विटा साधारण २५ टक्के कमी, आणि पोकळीमुळे ऊन आत यायला वेळ लागतो. तुझं इम्पोर्टेड इन्सुलेशन हेच, फुकट.

पण कागदावर सोपं आहे ते. माझ्या पहिल्या अशा घरात गवंडी म्हणाला, "ताई, उभ्या विटेची भिंत म्हणजे पत्त्यांचा बंगला," आणि मी त्याला समजवायच्या ऐवजी ड्रॉइंग दाखवून गप्प केलं. पश्चिमेच्या दरजा त्याने नाराजीने भरल्या, मी नीट बघितल्या नाहीत, पहिल्याच पावसात ओल आली. मालकांनी महिन्याभरात आतून बाहेरून प्लास्टर करून टाकलं. चूक माझी होती. क्वेकरांच्या सभेत मतदान नसतं, सगळ्यांचं ऐकून घेतात, सभा चालवणारा, त्याला ते क्लर्क म्हणतात, सभेचा कल ओळखून लिहितो, तिथेच वाचून दाखवतो, जमत नसेल तर विषय पुढे ढकलतात. २०११ला कँटरबरीला ब्रिटनच्या क्वेकरांनी कार्बन कमी करायचं ठरवलं ते पण असंच. वेळ खातं हे, माहितीय, पण गवंड्याबरोबर एक दिवस बसून तीन फूट सँपल भिंत उभी केली असती तर माझी ती ओल वाचली असती.

आणि बेकर गांधीजींना मुंबईत भेटला ती गोष्ट. बोटीची वाट बघत अडकलेला, पायात चिंध्यांपासून स्वतः बनवलेले बूट, गांधीजींचं लक्ष आधी बुटांकडे गेलं. पाच मैलांच्या आत मिळेल त्या मालाने घर बांधावं हे त्यांचं म्हणणं बेकरने आयुष्यभर धरून ठेवलं. शब्दशः नको घेऊस, तुझ्या मामाच्या गावात पाच मैलांत चांगली भट्टी आहे का तेच आधी बघ, जांभा मिळत असेल तर वीट सोड.

तर रविवारी प्लॉटवर जा. फोन गाडीत ठेव. तासभर बस, दुपारी दोनला सावली कुठे पडते, पाणी कुठून वाहत आलंय, तो फणस कुठे आहे. फणस तोडायचा नाही, भिंत वळव. मग काय काढशील ते कॉम्प्युटरवर कॅडमध्ये नको, बेकर रद्दी कागदांच्या पाठीवर काढायचा, तुझ्याकडे लग्नपत्रिका पडल्या असतील की. त्याच्या मागे काढ आणि फोटो पाठव. मामीला पण विचार स्वयंपाकघरात ऊन कधी हवंय, तिला अजून कुणी विचारलेलं नसणार.