‘होरायझन’शी ब्रिटन संलग्न की त्यात सहभागी?

ब्रिटन १ जानेवारी २०२४ पासून युरोपीय संघाच्या ‘होरायझन युरोप’ या संशोधन कार्यक्रमात परतले. त्यासंबंधीच्या मराठी मजकुरात या देशाला ‘सदस्य’, ‘सहभागी’ की ‘भागीदार’ म्हणावे, असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे. माझ्या मते हे तिन्ही शब्द टाळून ‘संलग्न देश’ म्हणावे.

‘सदस्य’ उघडच चुकीचा आहे, कारण ब्रिटनने ३१ जानेवारी २०२० रोजी संघ सोडला. ‘सहभागी’ फार मोघम आहे. भारतातील संस्थाही होरायझनच्या प्रकल्पात सहभागी होऊ शकते, फक्त बहुधा तिला स्वतःचा खर्च स्वतःच उचलावा लागतो. ब्रेक्झिटनंतर उत्तर आयर्लंडच्या व्यापार-नियमांवरून झालेल्या वादात होरायझनचा करार रखडला होता त्या काळात ब्रिटिश विद्यापीठांचीही जवळपास हीच गत होती आणि त्यांच्या खर्चाची हमी ब्रिटिश सरकारने घेतली होती. ‘भागीदार’ हा शब्द जवळचा वाटतो खरा, पण आपल्याकडे भागीदाराला निर्णयातही वाटा असतो. होरायझन आणि कोपर्निकस (संघाचा उपग्रहांद्वारे पृथ्वी-निरीक्षणाचा कार्यक्रम) मिळून वर्षाला सरासरी सुमारे २.६ अब्ज युरो द्यायचे ठरले असले, तरी होरायझनच्या समित्यांत ब्रिटन केवळ निरीक्षक असते, त्याला मताधिकार नसतो.

महाविद्यालय विद्यापीठाशी संलग्न असते तेव्हा ते शुल्क भरते, नियम पाळते, त्याचे विद्यार्थी बरोबरीने परीक्षेला बसतात, पण ते विद्यापीठाचा विभाग होत नाही. ब्रिटिश संशोधकही आता जर्मन वा फ्रेंच संशोधकांच्या बरोबरीने अर्ज करतात आणि प्रकल्पांचे नेतृत्वही करू शकतात.

मात्र संलग्नता कशाशी, हे वाक्यात आलेच पाहिजे. ‘युरोपीय संघाशी संलग्न’ असे लिहिल्यास युक्रेनने संघाशी केलेल्या व्यापक राजकीय-व्यापारी करारासारखे काही घडले असा समज होईल; आणि ‘युरोपीय संशोधनाशी संलग्न’ हेही सैल आहे, कारण युराटम या युरोपीय अणुऊर्जा समुदायाच्या अणुसंशोधन कार्यक्रमापासून ब्रिटन जाणीवपूर्वक दूर राहिले. न्यूझीलंड आणि कॅनडा होरायझनच्या एकाच विभागाशी जोडलेले असल्याने त्यांना ‘अंशतः संलग्न’ म्हणणे योग्य.

‘निधी’ हा शब्दही येथे गोंधळ घालतो. देश भरतो ते अंशदान आणि संशोधकाला स्पर्धेतून मिळते ते अनुदान, असा भेद पाळला, तर ‘ब्रिटनला युरोपचा निधी मिळाला’ यासारखी दिशाभूल करणारी वाक्ये आपोआप टळतील.