भाडेकराराचा मसुदा शेवटाकडून लिहा
करार करताना सगळं लक्ष भाड्याच्या आकड्यावर असतं, पण वाद होतो घर सोडताना. त्यामुळे आधी नोटिशीचं कलम लिहा. नुसतं 'एक महिन्याची नोटीस' पुरत नाही. महिना नोटीस दिल्यापासून मोजायचा की मिळाल्यापासून? ती कोणत्या पत्त्यावर, कशी द्यायची? कायद्याने किमान मुदत ठरवली असेल, तर त्याहून कमी मुदतीचं कलम टिकत नाही. भाडेकरू दोघं असतील तर नोटिशीत दोघांची नावं घाला, करारात आहेत तशीच. नाहीतर ज्याचं नाव नाही, तो भाडेकरू हात वर करतो.

अनामतीची रक्कम आकड्यात आणि अक्षरी, परतीची मुदत आणि कशापोटी कपात होईल, हे लिहा. वापराने फिका पडलेला रंग वेगळा, फुटलेलं बेसिन वेगळं. सोबत खोलीनिहाय यादी जोडा: पंखे, नळ, चाव्या किती, मीटरचं रीडिंग, तारखेसह फोटो. यादीवरही दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. नुसती टाचलेली यादी 'ही मी पाहिलीच नाही' म्हणून नाकारता येते.

जुना नमुना वापरलात तर आधीच्या भाडेकरूचं नाव हमखास कुठेतरी राहतं, बहुतेक वेळा सहीच्या पानावर.