गोव्यात एक्स३ सांभाळायची तर आधी पाणी शोधा

तुमची अडचण मला अशी समजली: २०१५ची बीएमडब्ल्यू एक्स३ २०डी (डिझेल), साधारण ९०,००० किलोमीटर झालेली, मुंबईहून म्हापशाला आणली. पुढच्या डाव्या बाजूचा गालिचा ओलसर लागतो, एसी लावला की कुबट वास येतो, आणि हळू वेगात वळताना गाडी झटके देते. गॅरेजवाला गिअरबॉक्स खोलू म्हणतो आणि तुम्ही पावसाआधी विकायच्या विचारात आहात. विकू नका. गिअरबॉक्सही कुणाला खोलू देऊ नका, निदान आत्ता तरी.

आधी वास, कारण मे संपायला आला आहे. सुगंधी डब्या, फवारे, एसीची हजारो रुपयांची ‘ट्रीटमेंट’ यांवर एक पैसा घालू नका. पाणी येतंय कुठून ते कळलं नाही तर चवथीपर्यंत वास परत हजर. कोरड्या दिवशी, गाडी न धुता, नुसत्या एसीने गालिचा ओला होत असेल तर ते एसीचंच पाणी. आपल्या दमट हवेत एसी चालू ठेवून गाडी दहा मिनिटं उभी केली की खाली थारोळं दिसायलाच हवं. दिसत नसेल तर पाणी बाहेर टाकणारी नळी तुंबली आहे. पावसानंतर किंवा धुतल्यावरच ओल येत असेल तर सनरूफवर संशय घ्या. आणि ओल चिकट, वास गोडसर, काच आतून तेलकट होत असेल तर तो हीटरमधून गळणारा कूलंट. असं असेल तर मात्र वाट बघू नका, कूलंटची पातळी तपासून थेट गॅरेज गाठा.

माझा अंदाज सनरूफचा आहे. ती काच पूर्ण पाणीबंद असते असा बहुतेकांचा समज असतो, पण रचनाच वेगळी आहे. रबरी कडेतून थोडं पाणी आत यायचंच; ते खालच्या पन्हळीत पडून कोपऱ्यांतल्या नळ्यांनी गाडीखाली जातं. आपल्याकडे गाडी उभी करायची जागा म्हणजे आंब्याची नाहीतर फणसाची सावली. मोहर, पानांचा चुरा आणि लाल धूळ पन्हळीत बसते, त्याचा चिखल होतो आणि नळीचं तोंड बंद होतं. मग पाणी खांबाच्या आतून उतरून पायाशी येतं. सनरूफ उघडा, पुढच्या कोपऱ्यात पेलाभर पाणी सावकाश ओता आणि कुणाला तरी चाकामागे बघत बसवा. खाली धार आली नाही तर चोर सापडला. नळी साफ करायला गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी उत्तम, फक्त टोक तापवून गोल करून घ्या. कंप्रेसरची हवा जोरात मारणाऱ्याला लांब ठेवा. त्या दाबाने नळी आतल्या आत सांध्यातून निसटते आणि मग छताचं अस्तर उतरवण्याची पाळी येते. मागच्या कोपऱ्यांकडेही लक्ष द्या, कारण या गाडीची बॅटरी डिकीच्या तळाखाली असते.

वाट मोकळी झाली तरी काम संपत नाही. गालिचा वरून कोरडा लागतो, पण त्याखालचा जाड फोम पाणी धरून ठेवतो आणि वायरिंग तिथूनच जातं. सीट काढून, गालिचा उचलून फोम वाळवायला हवा. दारं उघडी टाकून उन्हात ठेवल्याने भागत नाही. जुलैत हे काम निघालं तर वाळवणार कुठे? पूर्वी मिरगाआधी घरं शाकारून घ्यायचे, तसंच गाडीचंही याच दिवसांत उरकायचं. केबिन फिल्टर यानंतर बदला, आधी नाही. आणि घरी पोचायच्या दोन-तीन मिनिटं आधी एसी बंद करून नुसता पंखा चालवायची सवय लावा.

आता झटके. तुमचं वर्णन वाचून मला पहिला संशय ट्रान्स्फर केसवर आला, म्हणजे गिअरबॉक्सच्या मागे बसलेला, पुढच्या चाकांना ताकद वाटून देणारा भाग. हलक्या ॲक्सिलरेटरवर, विशेषतः वळताना, खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर हे त्याचं नेहमीचं लक्षण, आणि नेहमीच ते गिअरबॉक्सच्या नावावर खपतं. कारण बहुधा टायर. दोन नवे, दोन झिजलेले, किंवा पुढे एक कंपनी आणि मागे दुसरी, असं असलं की चाकांच्या घेरात फरक पडतो आणि एक्सड्राइव्हचा, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या यंत्रणेचा, क्लच सतत घासत राहतो. सेकंडहँड विकणारे दोनच टायर बदलून गाडी ‘तयार’ करतात, हे काही गुपित नाही. जाणकार मेकॅनिक ट्रान्स्फर केसच्या मोटरचा कनेक्टर तात्पुरता काढून फेरी मारतो. पडद्यावर इशारे येतील, येऊ द्या. थरथर थांबली तर गिअरबॉक्स निर्दोष. मग त्या केसचं तेल बदला. ते लिटरभरही लागत नाही, पण ग्रेड नेमका हवा आणि नंतर संगणकावरून ॲडॅप्टेशन, म्हणजे गाडीने जुन्या तेलावर शिकून ठेवलेली जुळणी, रीसेट करायला हवं. जो ‘त्याची गरज नाही’ म्हणेल त्याच्याकडे गाडी सोडू नका.

गिअरबॉक्सचं तेल मात्र या वयाला बदलाच. बीएमडब्ल्यू ते आयुष्यभराचं म्हणते, पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षांत बदला म्हणते, आणि मी बनवणाऱ्याचं ऐकतो. खालचं तेलाचं पात्र प्लास्टिकचं असून फिल्टर त्यातच असतो, त्यामुळे ते अख्खं बदलतात. पातळी इंजिन चालू ठेवून, तेल ३० ते ५० अंशांवर असताना बघायची असते.

इंजिनाबद्दल थोडक्यात. २०१४च्या फेसलिफ्टनंतर, म्हणजे मॉडेलच्या सुधारित रूपात, बी४७ हे डिझेल इंजिन आलं. त्याची टायमिंग चेन मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे, म्हणजे तिला हात लावायचा तर मोठी खोलाखोल. म्हणून तेलात काटकसर नको: बीएमडब्ल्यूच्या लाँगलाइफ-०४ दर्जाचं ५डब्ल्यू-३०, दर १०,००० किलोमीटर किंवा वर्ष, जे आधी होईल ते. गाडी म्हापसा-पर्वरी एवढीच फिरत असेल तर ईजीआरमध्ये, म्हणजे धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणाऱ्या यंत्रणेत, काजळी साठते. अधूनमधून चोर्ला घाट चढवून आणा, तिलाही बरं आणि तुम्हालाही. २०१८मध्ये बीएमडब्ल्यूने ईजीआर कूलरच्या गळतीतून आग लागण्याच्या धोक्यामुळे जगभर डिझेल गाड्या परत बोलावल्या होत्या. तुमची त्यात होती का आणि काम झालं का, हे चासी नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा. त्याच नंबरच्या शेवटच्या सात अक्षरांवरून कुठल्याही सुट्या भागाचा नेमका क्रमांकही मिळतो, मग मान किंवा माहले या कंपन्यांचा फिल्टर निम्म्या भावात आणता येतो.

कळंगुट-कांदोळीच्या बाजूला गाडी राहत असेल तर खारी हवा एसीचा कंडेन्सर (पुढची पातळ पात्यांची जाळी) आणि ब्रेकच्या कॅलिपरच्या पिना खाते. गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुवा, पण मोठ्या दाबाचा फवारा कंडेन्सरच्या पात्यांवर मारू नका. ब्रेक फ्लुइड दोन वर्षांनी बदला, गाडी कितीही कमी चालो. बॅटरी नवी घातली तर ती संगणकात नोंदवायला सांगा, नाहीतर गाडी तिला जुनी समजूनच चार्ज करत राहते. आणि उंदीर! बॉनेट आठवड्यातून एकदा तरी उघडा, बाकी उपाय सगळे ऐकीव.

आता एवढं करा: चारही टायरवरची कंपनी, माप आणि ‘डॉट’ (DOT) क्रमांकातला शेवटचा चार आकडी कोड लिहून पाठवा. त्यातले पहिले दोन आकडे आठवडा, नंतरचे दोन वर्ष. ते जुळले नाहीत तर झटक्यांचं निदान बऱ्यापैकी तिथेच होईल.