दर रविवारी २० घरांना भाजी: सोसायटीच्या आवारातील लागवडीबाबत सल्ला

प्रश्न (नवी मुंबईच्या ऐरोली-घणसोली भागातील भाजी गट): पाच सोसायट्यांनी आवारातली जागा दिली आहे, सगळी मिळून चार गुंठे. ३० कुटुंबांकडून हंगामाची वर्गणी आगाऊ घेऊन दर रविवारी भाजी द्यायची आहे. मागच्या हिवाळ्यात एका आवारात करून पाहिलं. मेथी-पालक एका आठवड्यात ढिगाने आला, पुढे तीन आठवडे पाटी रिकामी. पालक पिवळाही पडला. काय चुकलं? पावसाळ्यात काय द्यावं?

उत्तर: आधी कुटुंबं ३० वरून २० वर आणा. चार गुंठे म्हणजे ४०० चौरस मीटर. वाटा, झाडांची सावली, पाण्याची टाकी आणि गाड्या वळायची जागा वजा केली की लागवडीला २४० उरले तरी खूप. मेथी, माठ, कोथिंबिरीच्या चौरस मीटरला तीन जुड्या धरा. घरटी दोन म्हणजे आठवड्याला ४० जुड्या, त्यासाठी १३-१४ चौरस मीटर. गोगलगायी आणि उंदरांचा वाटा धरून १६. हा तुकडा चार-पाच आठवडे अडकून राहतो, म्हणून असे पाच तुकडे लागतात. ८० चौरस मीटर इथेच संपले. उरलेल्यात भेंडी, चवळी, वांगी आणि वेल. भेंडी चौरस मीटरला हंगामात किलोभर मिळते. ५० चौरस मीटरवर आठ आठवडे, आठवड्याला सहा किलो, घरटी ३०० ग्रॅम. तीच ३० घरांत वाटली तर २०० ग्रॅम होते आणि कुरबुर तिथूनच सुरू होते.

चूक पेरणीत झाली. सगळं बी एकाच दिवशी पडलं की काढणीही एकाच आठवड्यात येणार. रविवार ठरवून मागे मोजा: मेथी आणि माठ २५ ते ३० दिवस, पालकाची पहिली कापणी ३० दिवस, कोथिंबीर ३५ ते ४५, मुळा ४० ते ४५. परतीचा पाऊस गेला की, साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून, दर आठवड्याला एकच तुकडा पेरा. कोथिंबीर पहिल्या तुकड्यात घातली तरी पहिल्या पाटीत तिची आशा धरू नका. पाटी नोव्हेंबरच्या मध्यावर सुरू होईल. मेथीचं बी चौरस मीटरला ४-५ ग्रॅम. माठाचं बी अगदी बारीक, चिमूटभर पुरतं. मूठभर वाळूत मिसळून फेका, नाहीतर एका कोपऱ्यात झुबका होतो. धने हलके रगडून दोन फाका करा आणि रात्रभर भिजवा. पालक जमिनीपासून दोन इंच ठेवून कापा, १५-२० दिवसांत पुन्हा येतो. एखादी मेथी फसली तर तो आठवडा पालकच सांभाळतो. मार्चनंतर मेथी-कोथिंबिरीचा हट्ट सोडून माठ घ्या.

पिवळेपणा कुठल्या पानावर आहे ते बघा. कोवळं पान पिवळं पण शिरा हिरव्या, तर लोहाची कमतरता. भरावाच्या जागेत सिमेंट-प्लास्टरचा राडारोडा असतो, त्यातला चुना लोह अडवून धरतो. वाळलेल्या मातीवर व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर चुना आहेच. तिथे खोल खणून राडारोडा वर आणू नका, वर वाफा बांधा. उभ्या पिकाला लिटरमागे फेरस सल्फेट ५ ग्रॅम आणि लिंबूसत्व १ ग्रॅम, संध्याकाळी फवारा. खालची जुनी पानं आधी पिवळी पडली तर नत्र कमी आहे, आणि बहुतेक वेळा कारण सोसायटीचं अर्धवट कुजलेलं खत. ओलसर खत मूठभर प्लास्टिकच्या पिशवीत तीन दिवस घट्ट बांधून ठेवा. उघडल्यावर आंबूस किंवा अमोनियाचा वास आला तर महिनाभर आणखी कुजू द्या. चांगलं खत प्रत्येक पिकाला चौरस मीटरला २-३ किलो.

खाडीकडच्या आवारात बोअरचं पाणी एप्रिल-मेमध्ये खारं होतं. मातीवर पांढरी पापुद्री दिसली तर तिथे श्रावणघेवडा आणि गाजर नको. पालक, बीट निभावतात.

वाफा १ मीटर रुंद, ८ मीटर लांब, २५ सेंटिमीटर उंच. दोन भाग माती, एक भाग खत. एका ब्रास (१०० घनफूट) लाल मातीत असे दोन वाफे होतात. हा वाफा पोडियमवर (खाली पार्किंग असलेल्या स्लॅबवर) मात्र घालू नका: भिजल्यावर चौरस मीटरला ४०० किलोच्या आसपास वजन येतं. स्लॅब किती पेलेल हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने लिहून दिल्याशिवाय तिथे कुंडीसुद्धा हलकी ठेवा.

उन्हाचा अंदाज मे महिन्यात घेऊ नका. इथेच सगळे फसतात. मेच्या मध्यावर दुपारी सूर्य डोक्यावर असतो, इमारतीच्या उत्तरेचं आवारही लख्ख दिसतं. डिसेंबरात भर दुपारची सावली उत्तरेला जवळजवळ इमारतीच्या उंचीएवढी पडते. सात मजल्यांची असेल तर २० मीटर. हिवाळी पालेभाजी दक्षिणेच्या आवारात घ्या. तिला चार तास ऊन पुरतं, फळभाजीला सहा हवं.

जुलैत मेथीचा वाफा कुजतो, उघड्यावर पेरूच नका. अळू, मायाळू, शेवग्याचा पाला यांवर पाटी चालवा. जूनच्या सुरुवातीला लावलेली काकडी, दोडका, पडवळ मांडवावर घ्या, जमिनीवर फळ सडतं. भेंडी परभणी क्रांती लावा, पिवळ्या शिरांच्या विषाणूला ती बरीच तोंड देते. तरीही १५ जुलै ते १५ ऑगस्ट पाटी पंधरवड्याला मिळेल, हे वर्गणीच्या पावतीवरच छापा.

वेलींना फळमाशी लागणारच. दर आवारात एक सापळा टांगा, पण त्यात ठेवायचं, माशीला ओढणारं गंधद्रव्य दुकानात ‘क्यू-ल्युर’च मागा. आंब्यासाठीचं मिथाईल युजेनॉल सर्रास हातात ठेवतात, आणि त्याला काकडी-दोडक्यावरची माशी येत नाही. डंख लागलेली वाकडी फळं खतात न टाकता पिशवीत बांधून उन्हात ठेवा, अळ्या मरतात.